चैत्रगौरीपुढे कवड्यांची राणी

विनू विहिरीवरून आली, कळशी टेकवली, माजघरात डोकावली, तर सिंहासनावर वजीर!

मघाशी तिथं राणी होती. विनूनं स्वतःच्या हातानं बसवलेली. आता राणीला डाव्या अंगाला सरकवून, ओढणी कपाळावर ओढून, भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि तो मिशाळ ठोकळा मधोमध बसला होता, बापाची पेंड असल्यासारखा.

"कोणी केलं हे?"

स्वयंपाकघरात काकू कैरी किसत होती. तिनं मान वर केली नाही. तिथंच कळलं.

आता हे प्रकरण नीट सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील एका बाहुलीपायी पोरीनं घर डोक्यावर घेतलं. घेतलंच. पण का घेतलं ते ऐका.

विनू म्हणजे विनोदिनी, मूळची धारची. वय चौदा, जीभ चाळीस वर्षांची. धारला तिच्या शाळेतले मास्तर पोरींकडून आपल्या घरचे गहू निवडून घ्यायचे. एक दिवस विनूनं निवडलेले खडे परत गव्हात ओतले, पाटी मास्तरांपुढे आपटली आणि घरी आली ती कायमची. वडील सुधारक, म्हणून पोरीचं लग्न केलं नव्हतं. आई वैतागलेली, म्हणून तिला देवासला काकाकडे धाडलं. "इंदिराकाकूच्या हाताखाली राहील तर वळण लागेल," आई म्हणाली. वळण लागलं नाही, पण विनूला राणी सापडली.

काका, नारायणराव, दरबारात कामाला. त्यांचा मुलगा माधव, त्यालाही तिथंच चिकटवायचं होतं, म्हणून मुन्शी करामतअली ओसरीवर त्याला फारसी शिकवायला यायचे. माधव जांभया द्यायचा. विनू दाराआड तांदूळ निवडत बसायची. शिकवणी माधवची आणि डोक्यात जायची हिच्या. मुन्शीजींना ते ठाऊक होतं. ते मुद्दाम मोठ्यानं बोलायचे.

एक दिवस ते म्हणाले, "तो माधव मियाँ, पाच-साडेपाचशे साल पहले, दक्षिणेकडच्या समुंदरात हजारों छोटे छोटे टापू. नारळ, मासे और कवडी, बस. और इन सब पर हुकूमत किसकी? एक औरत की. सुलताना खदिजा."

दाराआडून विनू म्हणाली, "आणि तिचा नवरा?"

"बेटी, वो वजीर था. सामने खडा रहता था." मुन्शीजी हसले. "जुम्म्याच्या नमाजात राजाच्या नावाचा खुतबा पढतात, तो तिच्या नावानं. ताडाच्या पानावर लोखंडी टोकानं हुकूम लिहायचे, तेही तिच्या नावानं. एक परदेशी काजी तिकडं नोकरीला होता, त्यानं लिहून ठेवलंय, इथली मोठी नवलाई म्हणजे बाई राज्य करते."

"मग? वजीर उभाच राहिला?"

"कहां! उभ्या माणसाचे पाय दुखतात, बेटी. बसला एक दिवस तिच्या गादीवर. तिनं सालभरात परत घेतली. मग दुसरा नवरा केला, तोही बसला. त्याच्याकडूनही घेतली."

माधवनं विचारलं, "हे परीक्षेत येतं का?" विनूला वाटलं याच्या डोक्यात तांदळाचं सूप घालावं.

त्यानंतर चैत्र लागला. देवास म्हणजे एक गाव आणि दोन राजे. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. दिवे वेगळे, शिपाई वेगळे, आणि दोन्हीकडच्या बायकांचे नाक वर करायचे दिवस मात्र एकच, चैत्रगौरीचे. महिनाभर गौर झोपाळ्यावर बसते, खाली पायऱ्या लावून आरास करायची, आणि एक दिवस गावच्या सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलवायचं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. काकू पाच वर्षं क्षीरसागरच मांडत होती, शेषावर विष्णू. समोरच्या धाकट्या पातीतल्या सुमंगलाबाईंनी गेल्या साली सीतेचं स्वयंवर केलं, त्यातलं धनुष्य खरंच मोडायचं. बायका तिथून काकूकडे आल्या, डाळ खाल्ली आणि म्हणाल्या, "छान हो, दरवर्षीसारखंच." तेव्हापासून काकूला झोप नव्हती.

"काहीतरी कर गं," काकू म्हणाली. "तुझे हात बरे चालतात. तोंडापेक्षा बरे."

विनूनं राणी सांगितली. काकूनं कपाळाला हात लावला. "मुसलमान राणी? गौरीपुढे?"

"मोहरमात ताबुतावर रेवड्या कोण उधळतं?"

"ते वेगळं."

"आणि टेकडीवरच्या देवीच्या माळेत कवड्या असतात, त्या कुठून येतात? आपल्या शेतात पिकतात? तिच्या बेटांवरून गलबतं भरून यायच्या, मुन्शीजी म्हणतात."

काकू थांबली. देवीच्या गळ्यातली कवडी जिनं पाठवली तिला काय नाही म्हणायचं? शिवाय सुमंगलाबाईंच्या सात पिढ्यांना असली आरास सुचणार नव्हती. "कर," ती म्हणाली.

मग विनूनं घर उलथंपालथं केलं. काकूचं जुनं निळं महेश्वरी लुगडं चुणून समुद्र केला. एका गाडीवानाकडून नेमावरच्या नर्मदेची रेती मागवली, तिची बेटं. खजुरीची पाती चिरून नारळाची झाडं, करवंट्यांची गलबतं, गलबतांत खऱ्या कवड्या. खराद्याकडून लाकडी बाहुल्या कातून आणल्या आणि तोंडं स्वतः रंगवली. शिपाई रांगेत, मुजरा करणारे. एक लेखनिक ताडपत्रावर वाकलेला. वजीर खाली, हातात काठी, उभा. आणि उलट्या पेटीवर लाल मखमल घालून सिंहासन, त्यावर राणी.

राणीचे डोळे विनूनं तीनदा पुसले आणि काढले. काकू म्हणाली, "नजर खाली दाखव, सोज्ज्वळ दिसेल." विनू म्हणाली, "शिपायांकडे बघायला नको तिला?" डोळे सरळ समोर राहिले. माजघरात कुठंही उभं राहा, राणी आपल्याकडेच बघतीये असं वाटायचं. मोलकरीण सीता झाडू घेऊन आली आणि दारातच थबकली. "ओ बाई, या तो म्हारे डांटेगी!"

विनूला फक्त एक पाहिजे होतं. गावच्या बायका येतील तेव्हा त्यांनी ही बाई गादीवर एकटी बसलेली बघावी. बास. तिला ना शाबासकी पाहिजे होती ना बांगड्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी पुरुष मंडळी आरास बघून गेली, कारण संध्याकाळी त्यांना आत यायची बंदी. काकांचे वरिष्ठ बापूसाहेब आले. पगडी, उपरणं, पानाचा तोबरा. विनू तेव्हा विहिरीवर होती. पुढचं सगळं तिला सीतेनं सांगितलं, आणि सीता खोटं बोलत नाही, फक्त मीठ थोडं जास्त घालते.

बापूसाहेबांना आरास आवडली. गलबतं आवडली, कवड्या आवडल्या. राणी मुसलमान आहे कळलं तेव्हा म्हणाले, "वा वा, त्यात काय, आपल्याकडे पीराला नवस बोलतातच की." मग म्हणाले, "पण राजा कुठाय?"

काका म्हणाले, "राजा नाही साहेब. ही बाईच राज्य करायची."

"असं कसं? लग्न झालेली ना? मग नवरा?"

"तो तिथं. काठीवाला."

"खाली? उभा?" बापूसाहेबांच्या तोंडातलं पान थांबलं. "नारायणराव, बायको गादीवर आणि नवरा काठी घेऊन दारात! घरात पोरीबाळी येणार, सुना येणार. गौरीपुढे हा धडा मांडायचा? लोक म्हणतील नारायणरावांकडे अशीच रीत दिसते." आणि हसले. ते हसणं काकांच्या वर्मी बसलं. बापूसाहेब गेले, काकांनी काकूकडे बघितलं, काकूनं वजीर उचलला. एवढंच. त्या राणीची गादी समुद्रात जायला वजिराचे पाय दुखावे लागले होते, देवासात पान थुंकायला जातो तेवढाच वेळ लागला.

"काकू, हे खोटं आहे," विनू म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला होता, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

"खोटं कसलं? नवराच तो तिचा. शेजारी बसलेत दोघं. लक्ष्मीनारायणासारखे."

"शेजारी कुठाय? तो मखमलीवर आणि ती रेतीत!"

"गादी लहान आहे."

"मग तो बसेल रेतीत!"

विनूनं वजीर उचलला, खाली उभा केला, राणी परत वर बसवली. काकूनं कैरी टाकली, हात पुसले, राणी उतरवली, वजीर बसवला. विनूनं परत. काकूनं परत. तिसऱ्या खेपेला काकू आत गेली, दाभण आणि सुतळी घेऊन आली, आणि वजिराचा झगा मखमलीला चांगला चार जागी टाचून टाकला. दाभण, कात्री, विळी, सगळं कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली कमरेला.

"आता ऊठ म्हणावं त्याला," काकू म्हणाली. "आणि ऐक. एकदा पहिल्या सवाष्णीनं कुंकू लावलं की गौरीच्या बोळवणीपर्यंत आरासीला बोट लावायचं नाही. आपल्या घरची रीत आहे. मागं विष्णू तोंडावर पडला होता, तो अक्षय्यतृतीयेपर्यंत तसाच पालथा ठेवला होता आम्ही. तेव्हा संध्याकाळपर्यंत काय हातपाय आपटायचेत ते आपट."

"तुला वाईट नाही वाटत?" विनू म्हणाली. "रात्री करवंट्या तू घासल्यास. समुद्राच्या चुण्या तू घातल्यास. म्हणालीस ना, कशी बसलीये बाई, ऐटीत? तूच म्हणालीस."

काकूचा हात किल्लीवर गेला. क्षणभर वाटलं काढते की काय. मग ती म्हणाली, "तुझ्या काकांना उद्या त्याच बापूसाहेबांपुढे उभं राहायचंय. तुला काय, तू पाटी आपटून येशील. मी काय आपटू?"

विनूला आणखी राग आला. कोणावर ते मात्र नीट कळेना. काकूवर येत होता, पण काकूपाशी येऊन तो अडखळत होता. तिनं दातांनी सुतळी तोडून बघितली. दातातून रक्त आलं, सुतळी जशीच्या तशी. सुतळी देवासची, आणि टाके काकूचे.

उन्हं कलली तशा बायका आल्या. मोगरा, वाळ्याचं अत्तर, नथींचे आकडे, शालूंची सळसळ. काकूनं विनूला गुलाबदाणी हातात देऊन आरासीपासून लांब, दारापाशी उभं केलं. "तोंड उघडलंस तर बघ."

सगळ्या आरासीपुढे जमल्या आणि खरंच बघतच राहिल्या. सुमंगलाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. लिंबू पिळावं तसा. पण त्या हरणाऱ्यातल्या नव्हत्या.

"इंदिराबाई, समुद्र छान हो. लुगडं ओळखलं मी, माधवच्या मुंजीतलं ना? आणि हे गादीवर कोण?"

"बेटांचे राजे," काकू म्हणाली. "आणि ही त्यांची राणी. कवड्यांचा व्यापार होता त्यांचा."

त्यांचा!

"खोटं!" दारातून आवाज आला. गुलाबपाणी एका नव्या शालूवर सांडलं. "राजा नाही तो. चोर आहे. राज्य तिचं होतं! खुतब्यात नाव तिचं, हुकमावर नाव तिचं, पलटण मुजरा करायची तो तिला. हा खाली उभा राहायचा. चाकरी करायचा. मग हळूच जाऊन बसला तिच्या जागेवर, आणि तिनं कान धरून उठवला. पुढं दुसरा बसला, त्यालाही उठवला. तिथं समुद्रात तिला कोणी हलवू शकलं नाही, आणि इथं सकाळी एक पानवाले साहेब येऊन हसले काय, लगेच सुतळीनं शिवून टाकला ह्याला! बघा, टाके बघा पाठीमागं!"

बायकांनी वाकून टाके बघितले. काकूचा चेहरा तिच्या कुंकवासारखा झाला.

"अगं बाई," सुमंगलाबाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "म्हणजे थोरल्या पातीत बाहुल्यांवरही साहेबांचा हुकूम चालतो वाटतं?"

"पोर वात्रट आहे," काकू म्हणाली. "धारची आहे."

दोनचार जणी हसल्या. एक म्हणाली, "पण काहो, बरोबरच आहे की. नवरा असताना बाई एकटी गादीवर, कसंसंच दिसलं असतं." दुसरी म्हणाली, "हो ना, उगीच अपशकुन." माना हलल्या. एक, दोन, पाच माना. विनू बघत राहिली. बापूसाहेब काय, एक होते. ह्या वीस होत्या, नथ घालून. तिला वाटलं, गुलाबदाणी फेकावी आणि सरळ चालत धारला जावं.

"झालं का तुमचं?" नर्मदाबाई म्हणाल्या.

नर्मदाबाई दोन्ही पात्यांत वडील सवाष्ण. पहिलं कुंकू त्यांचं, हा त्यांचा मान. त्यांनी गोष्टीकडे लक्ष दिलं नव्हतं. गुडघे दुखत होते आणि डाळ समोर दिसत होती. त्यांनी करंडा उघडला, गौरीला हळद लावली, कुंकू लावलं. मग आरासीच्या मानकऱ्याला लावायला बोट परत कुंकवात बुडवून खाली सिंहासनाकडे वळल्या.

विनूनं डोळे मिटून घेतले. एक बोट टेकलं की संपलं. महिनाभर हा ठोकळा तिथं.

काहीच झालं नाही. विनूनं डोळे उघडले. नर्मदाबाईंचं लाल बोट वजिराच्या नाकापुढे हवेत थांबलं होतं.

"इंदिरे," त्या म्हणाल्या. "ह्याला मिशा आहेत."

"हो, राजे आहेत ना."

"पुरुष आहे."

"हो."

"मग मी कुंकू कोणाला लावू? साठ वर्षं हळदीकुंकवाला जातेय, आजवर पुरुषमाणूस पाटावर बसलेला पाहिला नाही. गौरीचं हळदीकुंकू आहे, की पंगत आहे ही?"

"अहो, दरवर्षी विष्णू असतो की आमचा..."

"विष्णू देव आहे. देवाला चालतं. हा कोण लागून गेला?"

मघाशी हललेल्या पाचही माना आता दुसरीकडे हलायला लागल्या. "खरंच की," "सवाष्णींच्यात पुरुष," "शोभतं का," "अगं, पदर घ्या." एकीनं खरोखर वजिराकडे पाठ केली.

"मग शिपाई?" सुमंगलाबाईंना शास्त्र सुचलं. "तेही पुरुषच."

"शिपाई, भोई दारात उभे असतात. उभा राहील तर राहू दे. बसायचं नाही." नर्मदाबाईंचा हात अजून हवेतच होता. "उठव त्याला लवकर. माझा खांदा भरून आला. पहिलं कुंकू रिकामं परत न्यायचं का मी?"

पहिलं कुंकू परत जाणं म्हणजे काय हे काकूला कोणी समजावायला नको होतं. ती उठली. कोठीपर्यंत जायलाही वेळ नव्हता. तिनं वजिराला मानेला धरलं आणि असा हिसडा दिला की चार जागचे टाके, मखमलीचा तुकडा आणि झग्याची पाठ, सगळं टरकन फाटलं. वजीर शिपायांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, पाठ उघडी. विनू कधी पुढे आली ते तिचं तिलाही कळलं नाही. तिनं राणी उचलली, कपाळावरची ओढणी मागे सारली आणि गादीवर बसवली.

नर्मदाबाईंनी कुंकू टेकवलं. लाकडी कपाळावर ठसठशीत.

"हं. आता सवाष्ण दिसते," त्या म्हणाल्या. "डाळ आणा."

लगेच गलका झाला. द्रोण फिरले, पन्हं फिरलं, कोणाची सून माहेरी, कोणाच्या सोन्याला कस नाही, सगळं सुरू. एकीनं कौतुकानं म्हटलं, "गोड दिसते नाही? गौरीचीच दासी जणू."

दासी!

विनू सिंहासनापाशी उभी होती. जिंकली होती, आणि कानशिलं तापली होती. राणी राणी होती म्हणून ती परत बसली नाही. त्याला मिशा होत्या म्हणून बसली. विनूनं घसा फोडून सांगितलेलं एकीच्याही कानात शिरलं नव्हतं. तिनं द्रोण घेतला नाही. काकूनं दोनदा पुढे केला, दोनदा नाही.

बायका पांगल्या आणि काका आत आले. आधी फाटकी मखमल बघितली, मग गादी, मग काकू. "हे परत कोणी केलं? उद्या सकाळी बापूसाहेब पुन्हा डोकावणारेत, पाहुणे घेऊन."

"कुंकू लागलंय," काकू म्हणाली. ती रिकामे द्रोण गोळा करत होती.

"काढा ते. पुसून टाका."

"नर्मदाबाईंचं बोट आहे. पुसायचं असेल तर तुम्ही पुसा, आणि त्यांना जाऊन सांगा. बोळवणीपर्यंत मी हात लावणार नाही."

"आणि साहेबांना काय सांगू?"

काकूनं द्रोण खाली ठेवले. "सांगा, बायकांच्यात पुरुषानं बसायचं नसतं. त्यांना रीत ठाऊक नव्हती का?"

काकांनी पगडी खुंटीला अडकवली आणि ओसरीवर निघून गेले. विनूनं असं काही काकूच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. काकूनंही नसावं, कारण तिनं तेच द्रोण पुन्हा मोजायला घेतले.

"खूश?" काकूनं विचारलं.

"नाही."

"अगं अवदसे, बसली ना तुझी राणी?"

"बसली. पण कोणाला ठाऊक आहे का ती कोण आहे? दासी म्हणाली ती बया. मी ऐकलं. नाव तरी विचारलं का एकीनं?"

"काय होतं गं नाव? मीही विसरले."

"खदिजा."

"खदिजा," काकू म्हणाली. जिभेवर बसायला जरा वेळ लागला. "उद्या थोरल्या वाड्यातल्या येतील, परवा ब्राह्मणआळीतल्या. महिनाभर येतच राहतील. सांग की एकेकीला."

"सांगणारच आहे. आणि तू 'त्यांचा व्यापार' म्हणालीस तर सगळ्यांदेखत टोकेन."

"टोक. आधी डाळ गीळ. सकाळपासून उपाशी आहेस, आणि उपाशीपोटी तुझा आवाज फाटतो."

विनूनं द्रोण ओढून घेतला आणि राणीकडे तोंड करून, रागारागानं, खायला बसली.